चौदा पावलं

पिस्तूल चालवण्यात दोघेही कच्चे होते. फिलिप फ्रान्सिसने ते जन्मात कधी झाडलं नव्हतं, आणि वॉरन हेस्टिंग्जला एक-दोनदा झाडल्याचं आठवत होतं, एवढंच. तरीही १७ ऑगस्ट १७८० च्या पहाटे, ऐन पावसाळ्यात, दोघे कलकत्त्याबाहेर अलिपूरला एकमेकांवर गोळी झाडायला हजर झाले. हेस्टिंग्ज ४७ वर्षांचा, कंपनी सरकारचा पहिला गव्हर्नर जनरल. फ्रान्सिस ३९ चा, त्याच्याच कौन्सिलातला सभासद.

रिवाजाप्रमाणे दोघांबरोबर एकेक पाठीराखा होता. फ्रान्सिसकडून कर्नल वॉटसन, कंपनीचा मुख्य इंजिनिअर. हेस्टिंग्जकडून तोफखान्याचा कर्नल पिअर्स. या पिअर्सने नंतर सगळी हकीगत लिहून ठेवली, आणि ती वाचताना गांभीर्य टिकवणं अवघड जातं. आधी जागाच ठरेना. रस्त्यावर नको, कारण साहेब लोकांची घोड्यावरून रपेट मारायची वेळ होत आलेली. बाजूला झाडांची रांग होती, तर तिथे हेस्टिंग्जला अंधार फार वाटला. शेवटी बेल्व्हेडियर बंगल्याच्या बाजूला एक जागा सापडली. मग अंतर किती ठेवायचं? वॉटसन म्हणाला, चौदा पावलं. का, तर आदल्या नोव्हेंबरात लंडनला चार्ल्स फॉक्स आणि विल्यम ॲडम हे पार्लमेंटचे दोन सभासद लढले, तेव्हा तेवढंच ठेवलं होतं. विलायतेची फॅशन गलबतातून सावकाश कलकत्त्याला पोचायची, तशी हीही पोचली होती. हेस्टिंग्जला चौदा पावलं जरा जास्तच वाटली, पण त्याने ताणलं नाही.

दोघे उभे राहिले. नेम धरला. फ्रान्सिसने चाप ओढला आणि काहीच झालं नाही. दारू सर्दावली होती. जवळ जादा दारू नव्हती, तेव्हा ती पुरवली पिअर्सने, म्हणजे समोरच्या पक्षाच्या माणसाने! पुन्हा नेम. फ्रान्सिसची गोळी हुकली. जवळजवळ त्याच क्षणी सुटलेली हेस्टिंग्जची गोळी फ्रान्सिसच्या उजव्या कुशीत शिरली. 'मेलो!' म्हणत तो खाली बसला. 'देवा, तसं न होवो,' अशा अर्थाचं काहीतरी बोलत हेस्टिंग्ज त्याच्याकडे धावला.

फ्रान्सिस मेला नाही. बरगडीला आपटून गोळी वळली, कण्याला धक्का न लावता पलीकडे गेली आणि पाठीत कातडीखाली जाऊन बसली. डॉक्टरांनी ती काढली. हेस्टिंग्जने त्या सकाळीच बायकोला चिठ्ठी पाठवली. ती तेव्हा चिनसुऱ्याला होती आणि या प्रकाराची तिला गंधवार्ता नव्हती. जखमी माणसाला भेटायला येऊ का, असंही त्याने पुसलं. फ्रान्सिसने सभ्य शब्दांत नकार कळवला: यापुढे आपली भेट फक्त कौन्सिलच्या टेबलावर.

आता हे सगळं कशावरून झालं? तर मराठ्यांवरून.

शाळेत आम्ही इंग्रज-मराठे पहिलं युद्ध तहांच्या यादीसारखं पाठ केलं होतं. सुरत, पुरंदर, वडगाव, सालबाई. सनावळीसकट. पण एक गोष्ट कुणी समजावून सांगितली नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. १७७५ च्या मार्चमध्ये इंग्रज सुरतेला राघोबादादांशी तह करतात आणि त्यांना पेशवा करायचं वचन देतात. आणि लगेच १७७६ च्या मार्चमध्ये तेच इंग्रज पुरंदरला बारभाईंशी तह करून राघोबांना वाऱ्यावर सोडतात. म्हणजे इंग्रज लबाड, असं उत्तर आम्ही आमच्यापुरतं काढलं होतं. लबाड होतेच. पण खरी गंमत अशी की सुरतेचे इंग्रज आणि पुरंदरचे इंग्रज हे 'तेच' नव्हते. सुरतेचा तह मुंबईकरांनी परस्पर केला होता. तो मोडून पुरंदरला कर्नल अप्टनला पाठवलं कलकत्त्याने. आणि कलकत्त्यात निर्णय कोण घेत होतं हे समजायचं तर आधी एका गलबतावरून उतरणाऱ्या तीन नाराज माणसांना भेटायला हवं.

१७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने बंगालच्या गव्हर्नरला गव्हर्नर जनरल केलं, मुंबई-मद्रासवर देखरेखीचा अधिकार दिला, आणि त्याच हाताने त्याच्या पायात बेडी घातली. कारभार पाच जणांच्या कौन्सिलने बहुमताने चालवायचा. हेस्टिंग्जचं मत इतरांसारखंच एक. समसमान झाली तरच त्याला जादा मत. बारवेल हा कंपनीचा जुना नोकर आधीपासून कलकत्त्यात होताच. उरलेले तिघे, जनरल क्लेव्हरिंग, कर्नल मॉन्सन आणि फ्रान्सिस, १७७४ च्या ऑक्टोबरात थेट विलायतेहून चांदपाल घाटावर उतरले. किल्ल्यावरून सलामीच्या तोफा सुटल्या. तिघांनी त्या मोजल्या. सतरा! अपेक्षा एकवीसची होती. शिवाय हेस्टिंग्जने त्यांचं स्वागत घरच्या साध्या कपड्यांत केलं. निदान झालरीचा सदरा तरी घालायचा, अशी तक्रार फ्रान्सिसच्या मेव्हण्याने लिहून ठेवली आहे. लग्नात मानपान चुकला म्हणून पिढ्यान्पिढ्या न बोलणारी घराणी आपल्याला परकी नाहीत. हे त्यातलंच, फक्त इथे पंगतीला बंगाल, बिहार आणि ओरिसाचा महसूल वाढलेला होता. हेस्टिंग्जचा पगार सालीना २५,००० पौंड, सभासदांचा १०,०००. तोफेच्या चार गोळ्यांवरून रुसण्याइतकी गरिबी कुणालाच नव्हती.

पहिल्या दिवसापासून तीन विरुद्ध दोन. सुरतेची बातमी आली तेव्हा मात्र एक चमत्कार झाला: तह चुकीचा आहे याबद्दल हेस्टिंग्जचंही दुमत नव्हतं. भांडण पुढच्या पायरीवर झालं. लढाई सुरूच झाली आहे तर अशी अर्ध्यात सोडू नये, हे त्याचं म्हणणं. बहुमताने ती सोडली. मुंबईकर चडफडले, राघोबादादांना कोपरगावला नेमणूक घेऊन गप्प बसायला सांगण्यात आलं, आणि साष्टी मात्र इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवली. तिच्यावरचा ठाण्याचा किल्ला त्यांनी १७७४ च्या डिसेंबरअखेरीलाच घेतला होता. मी ठाण्याचा. त्या किल्ल्याचा पुढे तुरुंग झाला आणि आजही आहे, त्यामुळे लहानपणी आमच्यासाठी तो किल्ला कधी नव्हताच. बसमधून दिसणारी एक न संपणारी भिंत होती.

या भांडणातला पहिला बळी गेला तो मात्र त्या पाचांपैकी कुणाचाच नाही. मार्च १७७५ मध्ये महाराजा नंदकुमार या बंगालच्या जुन्या, वजनदार कारभाऱ्याने फ्रान्सिसच्या हाती एक पत्र दिलं. हेस्टिंग्जने मीर जाफर नवाबाची विधवा मुन्नी बेगम हिच्याकडून आणि इतरांकडून साडेतीन लाखांच्या वर रुपये खाल्ले, असा आरोप होता. फ्रान्सिसने ते कौन्सिलात वाचलं. बहुमताला घबाडच मिळालं. हेस्टिंग्ज बैठक मोडून निघून गेला, तर तिघांनी मागे बसून चौकशी चालू ठेवली. मे महिन्यात नंदकुमारला अटक झाली, पण लाचेच्या प्रकरणात नव्हे. एका जुन्या कर्जरोख्याच्या बनावटगिरीबद्दल. खटला नव्या सुप्रीम कोर्टात चालला. सरन्यायाधीश इलायजा इम्पी, हेस्टिंग्जचा शाळासोबती. ज्युरी सगळे गोरे. बनावट दस्तऐवजाला फाशी हा विलायतेचा कायदा. बंगालात हे कुणी ऐकलेलं नव्हतं. ५ ऑगस्ट १७७५ ला नंदकुमारला फासावर चढवलं.

हेस्टिंग्जचा त्यात हात होता का, यावर इतिहासकार दोन शतकं भांडले आहेत. मला जास्त बोचतं ते दुसरंच. ज्या तिघांच्या भरवशावर नंदकुमार पुढे झाला, त्यांनी त्याला वाचवायला बोटही हलवलं नाही. तुरुंगातून त्याने कौन्सिलला अर्ज लिहिला होता. तो क्लेव्हरिंगने कौन्सिलपुढे ठेवला फाशीनंतर. त्याची एक प्रत न्यायाधीशांना पाठवावी, असं हेस्टिंग्ज म्हणाला. त्यावर फ्रान्सिस काय म्हणाला असेल? हा अर्ज न्यायाधीशांची बदनामी करणारा आहे, तो जल्लादाच्या हातून चव्हाट्यावर जाळून टाकावा. आणि तसाच ठराव झाला! माणूस आपल्या कामाला आला, आता त्याचा कागदही अडचणीचा.

द्वंद्वयुद्धाचा म्हणून जो काही रुबाब पुस्तकांतून मिरवतो, त्याच्याकडे बघताना मला हा अर्ज आठवतो. चौदा पावलांवर उभं राहायचा हक्क फक्त बरोबरीच्या माणसाला होता. नंदकुमार हेस्टिंग्जला आव्हान देऊच शकत नव्हता. त्याच्या हाती फक्त कागद होता आणि त्याचा शेवट दोरात झाला. हेस्टिंग्जवर उघड उघड लाचेचे आरोप करणारा फ्रान्सिस मात्र गोळी खाऊनही डॉक्टर, पालखी आणि दिलगिरीची चिठ्ठी यांचा मानकरी ठरला.

मृत्यूने बहुमत फिरवलं. सप्टेंबर १७७६ मध्ये मॉन्सन गेला, आणि जादा मताच्या जोरावर हेस्टिंग्ज पुन्हा धनी झाला. १७७७ च्या जूनमध्ये आणखी एक प्रहसन झालं. विलायतेत हेस्टिंग्जच्या दलालाने त्याचा राजीनामा देऊन टाकला होता. ती बातमी येताच क्लेव्हरिंगने स्वतःला गव्हर्नर जनरल जाहीर करून किल्ल्याच्या आणि खजिन्याच्या किल्ल्या मागितल्या. एका दालनात क्लेव्हरिंगची बैठक, दुसऱ्यात हेस्टिंग्जची. इंग्रजांच्या राजधानीत दोन गव्हर्नर जनरल! कोर्टाने हेस्टिंग्जच्या बाजूने कौल दिला, आणि ऑगस्टअखेर क्लेव्हरिंगही वारला. त्याच्याआधी त्याची आणि बारवेलचीसुद्धा पिस्तुलं निघाली होती, १७७५ मध्येच. कुणी मेलं नाही.

आता फ्रान्सिस एकटा उरला. एकटा पडला की माणूस जास्त लिहितो. कौन्सिलात प्रत्येक प्रश्नावर सभासदांनी आपलं मत लेखी नोंदवायचं, त्याच्या नकला विलायतेला जायच्या, आणि तिथले डायरेक्टर ते वाचून सात-आठ महिन्यांनी कुणाचे तरी कान उपटायचे. इंग्लंडात असताना 'ज्युनियस' या टोपणनावाने राजालाही न सोडणारी जी पत्रं गाजली, ती फ्रान्सिसचीच, असं पुष्कळांचं मत आहे. त्याची कलकत्त्यातली टिपणं वाचली की ते पटतं. विष आणि व्याकरण, दोन्ही अचूक.

याच दिवसांत, डिसेंबर १७७८ च्या एका रात्री, हा टिपणबहाद्दर बांबूची शिडी लावून ग्रँड नावाच्या कंपनीच्या नोकराच्या घरात शिरला. ग्रँड जेवायला बाहेर गेला होता. घरात त्याची पंधरा-सोळा वर्षांची बायको. नोकरांनी आरडाओरडा केला, साहेब पकडला गेला, मग सुटून पळाला. दुसऱ्या दिवशी ग्रँडने त्याला द्वंद्वाचं आव्हान पाठवलं. फ्रान्सिसने उत्तर दिलं: मी आपलं काही वाईट केलेलं नाही, आपला गैरसमज झालेला दिसतो. अब्रूसाठी प्राण पणाला लावणारा हाच माणूस, बरं का! ग्रँड कोर्टात गेला आणि फ्रान्सिसला ५०,००० रुपये नुकसानभरपाई द्यावी लागली. ती त्याला जड गेली नसावी. बारवेलकडून तो पत्त्यांत एका बैठकीत वीस हजार पौंड जिंकल्याची कथा कलकत्त्यात सांगितली जायची. ती मुलगी पुढे युरोपात गेली आणि फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री तालेराँची बायको झाली. ती आपल्या तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला जन्मलेली.

आणि या सगळ्याचा चिवडा वाटायला २९ जानेवारी १७८० पासून जेम्स ऑगस्टस हिकीचं साप्ताहिकही सुरू झालं. हिंदुस्थानातलं पहिलं छापील वर्तमानपत्र. दर शनिवारी हिकी मोठ्या लोकांना टोपणनावं देऊन झोडपायचा. इम्पीच्या नातलगाला बंधाऱ्यांच्या दुरुस्तीचं कंत्राट मिळालं, तर त्याने सरन्यायाधीशाचं नावच 'लॉर्ड पूलबंदी' करून टाकलं. हेस्टिंग्जलाही त्याने सोडलं नाही. त्याबद्दल त्याचं पोस्टातलं वाटप बंद झालं, मग अब्रूनुकसानीचे खटले, मग तुरुंग, आणि १७८२ मध्ये छापखान्याचे खिळे जप्त. आपल्या वर्तमानपत्रांचं बारसं झालं ते असं, साहेबांच्या भाऊबंदकीत.

हो, भाऊबंदकी. हा शब्द आपण आपल्यासाठी राखून ठेवला आहे.

मराठी राज्य भाऊबंदकीने बुडालं, हे वाक्य मी इतक्या व्याख्यानांत ऐकलं आहे की ते आता कुणी सुरू केलं तर शेवट मी करतो. आणि पुरावा हाताशी असतोच. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून, राघोबादादांवर रामशास्त्र्यांचा ठपका, बारभाई, मग नाना आणि मोरोबा हे चुलतभाऊ एकमेकांच्या मुळावर, मग नाना आणि सखारामबापू. सगळं खरं. पण त्याच वर्षांत समोरचा पक्ष काय करत होता, हे त्या व्याख्यानांत कधीच येत नाही. समोर एकजूट, शिस्त, दूरदृष्टी, आणि आपल्याकडे भाऊबंदकी, असं चित्र रंगवून आपण स्वतःला झोडपून घेतो. मुंबई कलकत्त्याचं ऐकत नव्हती. कलकत्त्यात दोन तट. मद्रासला तर १७७६ मध्ये कौन्सिलच्या सभासदांनी आपल्याच गव्हर्नरला, लॉर्ड पिगटला, अटक केली आणि तो कैदेतच वारला. त्याला पकडणारा जेम्स स्टुअर्ट पुढे जनरल झाला, हैदरच्या लढाईत पाय गमावून बसला, नंतरच्या गव्हर्नर मॅकार्टनीशी भांडला, आणि १७८६ मध्ये लंडनजवळ एका पायावर झाडाला पाठ टेकून त्याने मॅकार्टनीला गोळी घातली. मॅकार्टनी त्याआधी मद्रासला आपल्याच कौन्सिलातल्या सॅडलियरशीही लढून जखमी झालेला. आणि हे पेंढारी नव्हेत. या प्रांतांचे गव्हर्नर आणि सेनापती!

यातलं एक द्वंद्व आपल्याकडे वेगळ्याच वाटेने पोचलं. १७९८ च्या डिसेंबरात कर्नल ॲस्टन नावाचा पलटणीचा अधिकारी मद्रासकडे आपल्याच हाताखालच्या दोन मेजरांशी ओळीने लढला आणि दुसऱ्याच्या गोळीने मेला. मरताना त्याने आपला अरबी घोडा, डायोमेड, मित्राला दिला. मित्र म्हणजे आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत तो इंग्रजांचा सेनापती होता, आणि तिथे याच डायोमेडला मराठ्यांचा भाला लागला. जालन्याच्या त्या माळावर कैलना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आपण काय गमावलं ते पाठ असतं. तो घोडा कुठून आला होता हे ऐकून मात्र मला उगाचच बरं वाटलं होतं.

परत कलकत्त्याला. १७७८ मध्ये हेस्टिंग्जने मुंबईकरांच्या मदतीला काल्पीहून जमिनीच्या वाटेने फौज रवाना केली. फ्रान्सिसचा कडाडून विरोध. बुंदेलखंड, माळवा, सगळा परका मुलूख तुडवत अर्धा हिंदुस्थान ओलांडायचा, हा वेडेपणा आहे, असं त्याचं मत. ती फौज पोचायच्या आत मुंबईकर घाईने राघोबादादांना घेऊन बोरघाट चढले. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला मावळाने 'इष्टुर फाकडा' म्हणून शत्रू असूनही गौरवलं. तळेगावाहून माघार घेताना इंग्रजांनी तोफा तळ्यात ढकलल्या, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंद्यांपुढे गुडघे टेकले. घेतलेलं सगळं परत करायचं कबूल केलं. ही बातमी कलकत्त्याला पोचली तेव्हा फ्रान्सिसला झालेला आनंद त्याला लपवता आला असेल असं वाटत नाही. मी सांगत होतो, असं म्हणायची संधी माणूस सहसा सोडत नाही. हेस्टिंग्जने तह धुडकावला आणि युद्ध पुढे रेटलं.

१७८० च्या सुरुवातीला बारवेलला घरी जायचं होतं. भरपूर कमावून झालं होतं. पण तो गेला की हेस्टिंग्जचं बहुमत जाणार. तेव्हा दोन वैऱ्यांत समझोता झाला: फ्रान्सिस मराठे युद्धाच्या कामांत आडवा येणार नाही, बदल्यात त्याच्या माणसांना जागा मिळतील. बारवेल जहाजावर चढला. आणि लवकरच ग्वाल्हेरजवळच्या गोहदच्या राण्याच्या बाजूने महादजींच्या मुलखात, माळव्याच्या दिशेने फौज घालायचा प्रश्न आला, तेव्हा फ्रान्सिस आडवा आला. मी कबूल केलं होतं ते चालू मोहिमेपुरतं, ही नवी आघाडी त्यात येत नाही, असं तो म्हणाला. हेस्टिंग्ज म्हणाला, शब्द मोडला. कागदावर सही नव्हती. एकाचा शब्द विरुद्ध दुसऱ्याचा.

हेस्टिंग्जने मग एक टिपण लिहिलं. तारीख ३ जुलैची, पण त्याने ते सहा आठवडे स्वतःजवळ ठेवलं. या सहा आठवड्यांचा मी बराच विचार केला आहे. रागात लिहिलेला कागद माणूस रात्रीत फाडतो किंवा पाठवतो. हा माणूस थंड डोक्याने थांबला, बायकोला चिनसुऱ्याला पोचवून आला, आणि १४ ऑगस्टला ते फ्रान्सिसकडे धाडलं. त्यात म्हटलं होतं की यांच्या सार्वजनिक वागण्याची पारख मी यांच्या खाजगी वागण्यावरून करतो, आणि ते सचोटी आणि इभ्रत यांना पारखं आहे. अशा वाक्याला त्या समाजात एकच उत्तर होतं, आणि ते हेस्टिंग्जला पक्कं ठाऊक होतं. आव्हान फ्रान्सिसने दिलं हे खरं. मागवलं हेस्टिंग्जने. दुसऱ्या दिवशी कौन्सिलची बैठक संपल्यावर फ्रान्सिसने त्याला बाजूच्या खोलीत नेलं आणि लिहून आणलेलं आव्हान वाचून दाखवलं. हेस्टिंग्जने लगेच होकार दिला. द्वंद्वात माणूस मेला तर कायद्याने तो खूनच. फ्रान्सिस दगावला तर आपण स्वतःहून कायद्याच्या स्वाधीन होऊ, असं हेस्टिंग्जने ठरवलंही होतं. कंपनीचं राज्य तेव्हा किती पातळ दोऱ्यावर लोंबत होतं पाहा. दारू सर्दावली नसती आणि फ्रान्सिसचा हात जरा बरा असता तर?

दोन तारखा शेजारी ठेवाव्याशा वाटतात. ज्या मोहिमेवरून ही पिस्तुलं निघाली, त्याच मोहिमेत कॅप्टन पॉपहॅमच्या शिपायांनी ३ ऑगस्टच्या रात्री, पावलांचा आवाज येऊ नये म्हणून गवत आणि कापूस भरलेले जोडे घालून, शिड्यांवरून ग्वाल्हेरचा किल्ला चढून घेतला. अजिंक्य म्हणून ज्याची ख्याती, तो महादजींचा किल्ला दोन तासांत गेला. दोन आठवड्यांनी त्याच मोहिमेचे दोन धनी अलिपूरच्या झाडीत जागा शोधत फिरत होते.

मध्यंतरी कोलकात्याला गेलो होतो. बेल्व्हेडियरमध्ये आता नॅशनल लायब्ररी आहे, आणि जवळच हवामान खात्याच्या कचेरीपाशी 'ड्युएल ॲव्हेन्यू' नावाचा छोटा रस्ता. टॅक्सीवाल्याला ते नाव कशावरून पडलं ते माहीत नव्हतं, पण हवामान खात्याबद्दल त्याची मतं तीव्र होती.

मग भाऊबंदकीत त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? माझं उत्तर सरळ आहे, कुणाला पटो न पटो. भांडण हरलेल्याचं काय होतं, यात फरक आहे. पुण्यात हरलेला माणूस किल्ल्यावर कैदेत जायचा. मोरोबा नगरला गेले. सखारामबापूंसारखा उभा जन्म कारभार केलेला मुत्सद्दी कैदेतच मेला. त्यामुळे हरत आलेला माणूस शत्रूकडे पळायचा, राघोबादादा पळाले तसा, आणि घरचं भांडण परक्याच्या हातात जायचं. फ्रान्सिस हरला तेव्हा काय झालं? डिसेंबर १७८० मध्ये तो आपली माया बांधून जहाजावर चढला, लंडनला उतरला, पार्लमेंटात निवडून आला आणि तिथून भांडला. नाना फडणिसांकडे गेला नाही. जायची गरजच नव्हती. त्यांच्या भांडणाला घरातच दुसरं मैदान होतं.

यात त्यांची थोरवी वगैरे मला दिसत नाही. हे मैदान फक्त आपसातलं होतं. नंदकुमारला ते नव्हतं आणि चेतसिंगालाही नव्हतं. १७८१ मध्ये युद्धाच्या खर्चासाठी बनारसच्या या राजाला पिळताना हेस्टिंग्जच्या अंगाशी आलं, त्याला रातोरात चुनारला पळावं लागलं. त्या वेळी त्याच्याबरोबर राहून लाखभर रुपये पुढे करणारा माणूस कोण होता? बेनीराम पंडित, नागपूरकर भोसल्यांचा वकील. इंग्रजांविरुद्ध नाना, निजाम, हैदर आणि भोसले यांची चौकडी जमली होती, त्यातल्या एकाचा वकील! नागपूरच्या मुधोजी भोसल्यांना हेस्टिंग्जने पैशांनी आधीच वळवलं होतं. तेव्हा भाऊबंदकीची व्याख्यानं अगदीच खोटी नाहीत, एवढं मला मान्य करावंच लागतं.

लंडनमध्ये फ्रान्सिसने पार्लमेंटातला नामांकित वक्ता एडमंड बर्क याला गाठलं, कागद पुरवले, पढवलं. बर्क स्वतः जळणारा माणूस होता, पण त्यात घातलेलं तेल फ्रान्सिसचं. १३ फेब्रुवारी १७८८ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हेस्टिंग्जवर महाभियोग उभा राहिला. तिकिटं काढून लोक आले. पण खटला चालवणाऱ्या समितीत फ्रान्सिसचं नाव आलं तेव्हा पार्लमेंटने मत घेऊन ते उडवलं. ज्याच्याशी पिस्तुलाने लढलात त्याच्याविरुद्ध फिर्यादी म्हणून कसे उभे राहता? अलिपूरची गोळी त्याला खरी लागली ती इथे. सात वर्षं तो बाजूला बसून टिपणं पुरवत राहिला. २३ एप्रिल १७९५ ला हेस्टिंग्ज सगळ्या आरोपांतून सुटला. वकिलांच्या बिलांनी मात्र तो धुपला होता, तेव्हा कंपनीने त्याला सालीना ४,००० पौंडांची पेन्शन लावून दिली.

मराठ्यांशी सालबाईचा तह त्याआधीच, १७ मे १७८२ ला, झाला होता. महादजी जामीन राहिले. इंग्रजांनी राघोबांना सोडलं, वसई सोडली, ग्वाल्हेर सोडलं. साष्टी ठेवली. आठ वर्षांच्या लढाया, एक फाशी आणि एक द्वंद्व झाल्यावर प्रकरण जवळपास पुरंदरच्या तहावरच येऊन थांबलं, म्हणजे फ्रान्सिसच्या बहुमताने १७७६ मध्येच जिथे आणून ठेवलं होतं तिथे. राघोबादादा पुढच्याच वर्षी कोपरगावला वारले.

दोघे म्हातारे वैरी पुष्कळ जगले आणि एकाच वर्षी गेले. हेस्टिंग्ज ऑगस्ट १८१८ मध्ये, फ्रान्सिस डिसेंबरात. त्याच वर्षीच्या जूनमध्ये राघोबादादांचा मुलगा, दुसरा बाजीराव, इंग्रज सेनाधिकारी माल्कमला शरण गेला आणि पेन्शन घेऊन कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला निघाला. पेन्शन सालीना आठ लाख रुपये. त्या वेळचा पौंड साधारण दहा रुपयांचा धरला तर हे हेस्टिंग्जच्या पेन्शनच्या वीसपट होतात, आणि बाजीरावांनी ती १८५१ पर्यंत, तेहतीस वर्षं, घेतली.